‘पाणीवाली बाई’ या ओळखीत मृणालताई गोरे मावतात का?

अक्षरओळख

नमस्कार मंडळी,

गोरेगावच्या ज्या लहानशा वाचनालयात मी काम करते, तिथे दरवर्षी २४ जूनला, म्हणजे मृणालताई गोरे यांच्या जन्मदिनी, दाराशी एक भित्तिफलक लावण्याची प्रथा आहे. यंदा त्याचा मजकूर नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, म्हणून माळ्यावरून जुना फलक काढून पाहिला. त्यावर जन्म १९२८, निधन १७ जुलै २०१२, नगरसेविका, आमदार, खासदार अशी पदे आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘गोरेगावला पाणी मिळवून देणाऱ्या पाणीवाली बाई’ एवढेच लिहिलेले होते. फलक पुसत असताना नववीतल्या एका मुलीने तो वाचला आणि मला विचारले, “नळ आणून दिला म्हणून कोणी लोकसभेवर निवडून येते का?” मला तिला धड उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

मला ठाऊक आहे ते असे. माहेरच्या त्या मोहिले. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात उतरल्या. १९४८ मध्ये केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि दोघांनी गोरेगाव हेच कार्यक्षेत्र मानले. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले, पदरी लहान मुलगी होती, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१ मध्ये, ताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण एका उपनगराच्या नगरसेविकेपासून १९७७ च्या लोकसभेपर्यंतची वाट कशी तयार झाली, महागाईविरोधी आंदोलनाचा त्यात किती वाटा होता आणि दिल्लीत गेल्यावर चालून आलेले मंत्रिपद त्यांनी का नाकारले, हे मला जोडता येत नाही. फलकावर फार तर दीडशे शब्द मावतील, पण ते लिहिण्याआधी मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना गोरेगावकर

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न रास्त आहे. ‘नळ आणून दिला’ हे वाक्य आज किरकोळ वाटते, कारण नळ नसणे म्हणजे काय हे तिने पाहिलेले नाही, आणि ते तिने पाहिलेले नाही ही आनंदाचीच गोष्ट आहे.

प्रथम भूगोल लक्षात घ्यावा. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द वाढली ती जोगेश्वरीपर्यंत येऊन थांबली आणि गोरेगाव तिच्या लगेच पलीकडे राहिले. १९५७ मध्ये ती हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा कुठे आम्ही महापालिकेत आलो. आमच्या पूर्वेच्या डोंगरात विहार तलाव आहे, त्याच्यामागे तुळशी तलाव आहे. विहारचे पाणी १८६० पासून मुंबई शहराला जाते. म्हणजे शंभर वर्षे ज्या डोंगरातले पाणी दक्षिणेला वाहत गेले, त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना सार्वजनिक नळावर रात्र काढावी लागत होती. फाळणीनंतर आणि पुढे कारखानदारी वाढल्यावर उपनगरांत माणसे येतच राहिली. चाळी उठल्या, झोपड्या उठल्या, पण पाण्याची वाहिनी त्या गतीने आली नाही.

आमची चाळ पश्चिमेला होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. नळाला पाणी रात्री दोनच्या सुमारास येई आणि किती वेळ टिकेल याचा नेम नसे. संध्याकाळीच हंडे, कळश्या, डालड्याचे रिकामे डबे रांगेत मांडून ठेवत आणि प्रत्येक घरातले एक माणूस आळीपाळीने तिथे जागे बसे. आमच्या पितळी हंड्यावर आईने बोहारणीकडून नव्हे, तर खास तांबटाकडून ठिपक्याठिपक्यांनी वडिलांचे नाव घालून घेतले होते, कारण अंधारात हंड्यांची अदलाबदल झाली की सकाळी भांडण ठरलेले. शेजारच्या एका मावशींना बाळंतपणानंतर सव्वा महिनासुद्धा झाला नव्हता आणि त्या रांगेत बसत असत, हे मला चांगले आठवते. पाणी भरणे हे बायकांचे काम मानले जाई आणि म्हणून पाण्याची टंचाई ही घराच्या आतली कुरकुर समजली जाई. सभागृहात मांडावा असा तो प्रश्न आहे, हेच मुळी कोणाला वाटत नव्हते.

मृणालताईंनी केले ते हे, की त्यांनी ती कुरकुर महापालिकेच्या सभागृहात नेली आणि त्याच वेळी हंडे घेऊन बायकांना महापालिकेच्या दारात नेले. माझी आई अशा एका हंडा मोर्चाला गेली होती. ती तोवर कधी एकटी स्टेशनपलीकडे गेली नव्हती. चर्चगेटची गाडी तिने त्या दिवशी पहिल्यांदा पकडली आणि काखेत तोच नाव घातलेला हंडा होता. येताना कुठेतरी आपटून त्याला पोचा पडला, तो वडिलांनी कधी काढू दिला नाही.

दुसरी एक बाब मला त्याहून मोठी वाटते. महापालिकेचे उत्तर ठरलेले असे, की ज्या जागेवर वस्ती अनधिकृत आहे तिथे नळजोडणी देता येत नाही. ताईंचे म्हणणे होते की जागा कोणाची हा वाद स्वतंत्रपणे चालू द्या, पण तहान अधिकृत किंवा अनधिकृत नसते आणि पाणी न देणे ही शिक्षा कोणत्याही कायद्यात सांगितलेली नाही. हा युक्तिवाद आज आपल्याला ओळखीचा वाटतो. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे सांगून, झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसांना पाणी देण्याची व्यवस्था करा, असे महापालिकेला बजावले. ही गोष्ट गोरेगावच्या बायका हंडे वाजवून सांगत होत्या त्याला तोवर अर्धे शतक होऊन गेले होते.

दादरची वाचक

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि फोर्टमध्ये एका कचेरीत टंकलेखनाचे काम करत होते. महागाईविरोधी आंदोलनाविषयी मी लिहिते, कारण त्यात मी स्वतः चालले आहे.

१९७२ च्या मार्चमधल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. विरोधी पक्ष जवळजवळ वाहून गेले होते आणि त्या लाटेतही मृणालताई निवडून आल्या होत्या, हे आपल्या विद्यार्थिनीला आवर्जून सांगावे. त्याच वर्षी पाऊस गेला. गावाकडे जनावरे विकली जात होती, लोक खडी फोडायला जात होते. शहरात त्याची झळ रेशनच्या दुकानातून पोहोचली. साखर मिळेना, तेल मिळेना, रॉकेलसाठी पहाटेपासून रांग, आणि धान्य म्हणून जे मिळे ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना कडा फाटत आणि पोरे ताटात तशीच टाकून उठत.

अशा वेळी अन्नधान्य महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तिची घडण नीट पाहावी, अशी माझी विनंती आहे. मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या, आणि मंजू गांधी तर काँग्रेसच्या. या बायकांच्या पक्षांचे पुरुष नेते एकमेकांच्या व्यासपीठावर पाऊल ठेवायला तयार नसत. पण साखरेचा भाव सगळ्यांच्या डब्यात सारखाच होता, त्यामुळे त्या एकत्र बसल्या आणि एकत्र टिकल्या. भाषणात प्रत्येकीने आपल्या पक्षाचे सांगायचे नाही, मागणीचे सांगायचे, एवढे पथ्य त्यांनी पाळले.

लाटणे मोर्चा म्हटला की आजच्या लोकांना तो गमतीचा प्रकार वाटतो. तो गमतीचा नव्हता. माझ्याबरोबर आमच्या मजल्यावरच्या सात बायका होत्या आणि त्यांतल्या चौघींनी घरी खरे सांगितले नव्हते. लाटणे हातात घ्यायचे ठरले, कारण ते प्रत्येक घरात होते, विकत घ्यावे लागत नव्हते, आणि झेंडा हातात धरायला जी बाई लाजली असती ती लाटणे धरायला लाजत नव्हती. दुसऱ्या हातात ताट. शेकडो ताटांवर एकदम लाटणी पडू लागली तेव्हा आधी मला भीतीच वाटली आणि मग ती कुठे गेली ते कळले नाही. माझ्या लाटण्याला त्या दिवशी चीर गेली. त्यावर पुढे कित्येक वर्षे पोळ्या लाटल्या. पीठ चिरेत बसे आणि ते काडीने काढावे लागे.

ताई, नगरसेविका ते खासदार ही वाट इथे तयार झाली. गोरेगावातल्या पाण्याने त्यांना एक उपनगर ओळखू लागले होते. रेशनच्या प्रश्नाने त्यांना गिरगाव, परळ, दादर, कुर्ला, सगळी मुंबई ओळखू लागली आणि पुण्या-नाशकाच्या बायकाही लाटणी घेऊन बाहेर पडल्या.

मग जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ताई काही महिने भूमिगत राहिल्या आणि वर्षाच्या अखेरीस पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला अशा कोठडीत ठेवले होते, जिच्या आजूबाजूच्या कोठड्यांत कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण बंदिवान स्त्रिया होत्या. पुढे याबद्दल बोलताना त्यांचा भर स्वतःच्या हालांवर नसे, त्या स्त्रियांना तुरुंगात कोंडून ठेवण्यावर असे, आणि मला त्यांच्या सगळ्या राजकारणाचे मर्म त्यात दिसते. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या जनता पक्षाच्या तिकिटावर निवडून आल्या, त्याच वेळी इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि मुंबईच्या भिंती ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ या घोषणेने रंगल्या. त्याच निवडणुकीत अहिल्याताईही मुंबईतूनच लोकसभेवर गेल्या. लाटणे धरलेल्या दोन बायका एकाच शहरातून एकाच वेळी दिल्लीला गेल्या, हे फलकावर यायला हवे.

मतमोजणी

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले. तरीही मला एक वेगळे मत नोंदवावेसे वाटते आणि ते मृणालताईंविषयी आदर बाळगूनच लिहितो आहे.

पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले आरोग्य खाते त्यांनी नाकारले, हा प्रसंग त्यागाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो त्यांचा चुकलेला निर्णय वाटतो. वैद्यकीय शिक्षण घेतलेली, पन्नासच्या दशकात महिला मंडळातून कुटुंबनियोजनाचे काम केलेली, झोपडपट्टीतल्या बायकांचे आजार जवळून पाहिलेली व्यक्ती देशाच्या आरोग्य खात्यात बसली असती, तर आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने विश्वास गमावलेल्या त्या खात्याला फार मोठा आधार मिळाला असता. मोर्चात मागणे आणि खुर्चीत बसून देणे यांपैकी दुसरे काम कमी प्रतीचे आहे, असे समाजवादी मंडळींनी स्वतःला पटवून घेतले आणि त्याची किंमत त्यांच्या मतदारांनी मोजली.

दुसरा मुद्दा संघटनेचा. समाजवादी पक्ष, प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, पुन्हा समाजवादी, मग जनता पक्ष, मग जनता दल, अशी नावे बदलत गेली आणि प्रत्येक बदलात थोडे कार्यकर्ते गळत गेले. ज्या वस्त्यांत ताईंनी पाणी आणले, त्याच वस्त्यांत पुढे शाखा उघडल्या त्या शिवसेनेच्या. नव्वदीनंतर त्या भागातून समाजवादी आमदार निवडून आल्याचे मला आठवत नाही. माणूस इतका मोठा आणि मागे पक्ष उरला नाही, या प्रश्नाला भिडल्याशिवाय आपला फलक केवळ गौरवाचा होईल.

दादरची वाचक

आपला पहिला मुद्दा मी सहज बाजूला सारणार नाही, कारण तेव्हा आमच्यातही यावर वाद झाले होते आणि मी स्वतः, त्यांनी मंत्री व्हावे, या बाजूची होते. परंतु पुढच्या दहा वर्षांत जे घडले ते पाहून माझे मत बदलले.

मंत्री झाल्या असत्या तर त्या दिल्लीत राहिल्या असत्या आणि जनता सरकार १९७९ मध्ये कोसळले तेव्हा त्यांच्या हाती किती उरले असते, हे सांगता येत नाही. त्या मुंबईत परतल्या म्हणून काय काय झाले, ते मात्र सांगता येते. १९८१ मध्ये सिमेंटची टंचाई होती आणि परवान्याशिवाय ते मिळत नसे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी स्थापलेल्या प्रतिष्ठानाला देणग्या देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना सिमेंट मिळते, हा आरोप पुढे आला, तेव्हा प. बा. तथा बाबूराव सामंत यांच्यासह मृणालताई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये देणगी आणि सिमेंट यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. (नव्या वाचकांसाठी : हे सामंत गिरणी संपाचे डॉ. दत्ता सामंत नव्हेत. दोघांची गल्लत नेहमी होते.) १९८३ मध्ये गोरेगावात ‘स्वाधार’ सुरू झाले, जिथे घरातून हाकललेली किंवा मार खाऊन आलेली बाई येऊन बसू शकते आणि तिचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेतले जाते.

आरोग्याचेच म्हणाल तर १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या. त्या काळी मुंबईत गर्भजलपरीक्षेच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत उघडपणे लागत. मुलगी आहे असे कळले की गर्भ पाडून घेण्याचा सल्ला अगदी सभ्य घरांतून दिला जाई. स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली होती. विधिमंडळात तो विषय लावून धरणाऱ्यांत मृणालताई पुढे होत्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला, तो देशातला पहिला, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला. मंत्रिपदावर बसलेल्या कितीजणांच्या नावे असे काही जमा आहे?

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला उत्तर नाही. १९८८-८९ मध्ये विधानसभेच्या विरोधी पक्षनेतेपदी एक समाजवादी बाई बसली होती आणि त्यानंतर तो प्रवाह विधिमंडळात आटत गेला, हे खरे आहे. त्याचे दुःख आम्ही सगळेच बाळगून आहोत.

दिंडोशीकर

मी या धाग्यावर केवळ घरांविषयी लिहितो, कारण ज्या घरात बसून हे टंकत आहे ते घरच मुळी त्या कामातून उभे राहिले आहे.

१९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. मुंबईसारख्या शहरात कोणाकडेही पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन असू नये आणि जादा जमीन सरकारने घेऊन सामान्यांच्या घरांसाठी वापरावी, असा त्याचा हेतू होता. कायद्यातच सवलतीची कलमे होती. अर्ज करा, दुर्बल घटकांसाठी घरे बांधू असे लिहून द्या आणि जमीन आपल्याकडेच ठेवा, असा मार्ग त्यातून निघाला. हजारो एकर जमीन कागदावर ‘जादा’ ठरली आणि प्रत्यक्षात हलली नाही. बाबूराव सामंत आणि मृणालताई यांनी नागरी निवारा परिषद स्थापून मागणी केली ती नवी नव्हतीच. तुमच्याच कायद्यात लिहिले आहे तेवढे करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जमिनींच्या नोंदी काढणे, सवलतीच्या आदेशांवर बोट ठेवणे, मंत्रालयात खेटे घालणे, न्यायालयात जाणे, आणि सभासदांना धीर सुटू न देणे, असे ते वर्षानुवर्षांचे काम होते.

माझे वडील एका छापखान्यात जुळारी होते. विलेपार्ल्याच्या चाळीत आम्ही सहाजण एका खोलीत राहायचो. त्यांनी परिषदेचे सभासदत्व घेतले तेव्हा मी शाळेत होतो आणि घराची किल्ली हाती आली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. मधल्या काळात दर सभेला जायचे, काय सांगितले ते एका वहीत लिहून ठेवायचे आणि घरी येऊन आईला वाचून दाखवायचे, हा त्यांचा नेम. ती वही माझ्याकडे आहे. एका पानावर त्यांनी फक्त ‘आज काही नवे नाही. पुढील सभा रविवारी.’ असे लिहिले आहे आणि त्याच्याखालच्या पानावरही तेच आहे. नेत्यांच्या चरित्रात ही पाने येत नाहीत, पण सभा झाली, कोणीतरी समोर येऊन ‘आज काही नवे नाही’ हे खरे सांगितले, आणि पुढची तारीख दिली, यामुळेच माणसे टिकून राहिली.

शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सुमारे ६२ एकर जागेवर सहा हजारांहून अधिक घरे झाली. ती बंगले नव्हेत, लहान सदनिका आहेत. तो कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. त्यामुळे त्या मार्गाने अशी दुसरी वसाहत आता होणार नाही, हे मनात येते तेव्हा फार वाईट वाटते.

‘मतमोजणी’ यांना एवढेच सांगतो, की मागे पक्ष उरला नाही हे मलाही मान्य आहे. आमच्या वसाहतीतही आज प्रत्येक पक्षाला मत देणारी माणसे आहेत. घर देताना कोणाचे मत कोणाला, हे विचारले गेले नव्हते, त्यामुळे मतांचा हिशेब जुळला नाही. तो जुळवण्यासाठी जे करावे लागले असते, ते त्यांनी केले असते तर माझ्या वडिलांना घर मिळाले असते की नाही, याची मला शंका आहे, कारण ते आयुष्यभर त्यांच्या पक्षाचे मतदार नव्हते.

मतमोजणी

दिंडोशीकर, आपल्या शेवटच्या वाक्यापुढे मी माझा दुसरा मुद्दा तसाच ठेवतो, पण त्याची धार पूर्वीसारखी राहिलेली नाही. वडिलांच्या त्या वहीची छायाचित्रे काढून ठेवावीत, अशी विनंती. अशी कागदपत्रे एका पावसाळ्यात जातात.

अक्षरओळख यांच्यासाठी एक भर घालतो. १९९० नंतरही ताई घरी बसल्या नव्हत्या. गुहागर तालुक्यातील एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात, वयाची पासष्टी उलटल्यावर, त्या कोकणात जात होत्या. प्रकल्पाच्या विजेचा दर राज्याला परवडणार नाही, हे तेव्हा सांगणाऱ्यांना विकासविरोधी म्हटले गेले. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला ती वीज घेणे परवडेनासे झाले आणि प्रकल्प बंद पडला.

अक्षरओळख

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री हे सगळे पुन्हा पुन्हा वाचले आणि त्या मुलीला काय सांगायचे ते आता मला कळले आहे असे वाटते. मी तिला सांगणार आहे की ताईंनी नळ ‘आणून दिला’ हे आपले वाक्यच चुकीचे होते. ज्या गोष्टीसाठी बायका घरात एकमेकींशी भांडत होत्या, ती मागण्यासाठी कोणाच्या दारात जायचे हे त्यांनी दाखवले, आणि पाण्यानंतर साखर, साखरेनंतर घर, घरानंतर पोटातली मुलगी, असे करत दर वेळी त्या पुढच्या दारात गेल्या.

फलकासाठी असा मजकूर योजला आहे. कृपया काटछाट सुचवावी.

‘मृणाल गोरे (२४ जून १९२८ – १७ जुलै २०१२). वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दल व समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्या. १९६१ पासून मुंबई महापालिकेत गोरेगावच्या पाण्यासाठी लढा. जागा अधिकृत असो वा नसो, माणसाला पाणी मिळालेच पाहिजे हा आग्रह. १९७२ मध्ये पक्षभेद विसरून एकत्र आलेल्या महिलांच्या महागाईविरोधी समितीचे नेतृत्व अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, मंजू गांधी यांच्यासह. आणीबाणीत कारावास. १९७७ मध्ये उत्तर मुंबईच्या खासदार. केंद्रातील मंत्रिपद नाकारले. १९८३ मध्ये संकटग्रस्त स्त्रियांसाठी ‘स्वाधार’. नागरी निवारा परिषदेतून दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९८८ च्या कायद्यासाठी विधानसभेत आग्रह. विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या.’

‘पाणीवाली बाई’ हे शब्द मी मजकुरात मुद्दाम घेतलेले नाहीत. ते वर, मथळ्यात, अवतरणचिन्हांत ठेवावेत का, याविषयी मात्र मनाचा निश्चय होत नाही.

दादरची वाचक

जरूर ठेवावेत. ते नाव वर्तमानपत्रांनी दिलेले असो वा वस्तीने, ताईंनी ते कधी झटकले नाही. मात्र त्याच्याखाली लगेच साल लिहू नका, मोकळी जागा सोडा, म्हणजे वाचणारा क्षणभर थांबेल. आणि ‘नेतृत्व’ या शब्दाऐवजी ‘उभारणी’ लिहाल का? त्या समितीत कोणी एक नेता नव्हती, आणि बाकीच्या चौघींवर अन्याय झाला तर सर्वांत आधी ताईंनाच ते आवडले नसते.

जुना गोरेगावकर

मजकूर उत्तम झाला आहे. काटछाट नको.

आपल्या वाचनालयाच्या दाराशी एखादे मेज असेल तर फलकाखाली ठेवायला मी आईचा हंडा घेऊन येईन. नाव घातलेली बाजू पुढे ठेवावी लागेल, म्हणजे पोचा भिंतीकडे जाईल; पण मुलांना तो फिरवून पाहू द्यावा, हात लावायला मनाई नको. २४ तारखेला सकाळी नऊ वाजता येतो. हंडा रिकामा असला तरी जड आहे, त्यामुळे तो उतरवून घ्यायला कोणीतरी दाराशी असावे, एवढीच विनंती.